ओढ्यापलीकडची लंगडी

डोक्यावरचं डालगं न उतरवताच आबा ओढ्याच्या पलीकडच्या काठाला उभे होते. डालग्याच्या तोंडावर आईचं जुनं हिरवं लुगडं बांधलेलं होतं आणि त्याच्या खाली काहीतरी हलत होतं. मी धुणं आपटायचं थांबले. हातातलं पातळ तसंच धोंड्यावर टाकलं, ओचे वर खोचले आणि पाण्यात पाऊल घातलं.

"थांब," मागून आत्तींचा आवाज आला.

सासूला आमच्याकडं आत्ती म्हणायची पद्धत. माझ्या आत्तींचं नाव बयाबाई. उंच, काटक बाई. ताठ चालायची आणि मोजकं बोलायची. त्या थांब म्हणाल्या की उधळलेला बैलसुद्धा थांबतो असं हुंबरवाडीत म्हणत. मी गुडघाभर पाण्यात थांबले.

"व्याहीबुवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "डालग्यात काय हाय?"

आबा हसले. सकाळपासून डोंगर उतरून आलेल्या माणसाचं दमलेलं हसू. "कोंबड्या हायत, व्याहीणबाई. हिच्या आईनं धाडल्यात. आमच्या गावात मानमोडी आलीया. घरोघर कोंबड्या माना टाकायला लागल्यात. म्हटलं, ह्या चांगल्या हायत तवर लेकीकडं न्याव्यात. हितं जगतील तरी."

तेव्हा सगळे असंच करत. एका गावात कोंबड्यांचा रोग आला की धडधाकट पाखरं निवडायची, डालग्यात घालायची आणि बहिणीकडं, लेकीकडं, मामाकडं पोचवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तापाच्या साथीत पोरं मावशीकडं धाडावीत, तसंच ते होतं.

"तिथंच थांबा," आत्ती म्हणाल्या. "पाण्यात पाय घालू नका."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी आमचं पाव्हणं हायसा. पर आज त्या काठाचं."

शेजारच्या धोंड्यावर ठकूबाई धुणं धूत होती. नवरा गेलेली, एकटी राहणारी, जिभेची धारदार. तिनं कपाळाला हात लावला. "अगं बया, लेकीच्या बापाला वाटेतनं माघारी धाडतीस व्हय? पाप लागंल की."

"मानमोडी घेऊन आलंत ते."

ठकूबाईनं हातातली चोळी तशीच गुंडाळून उराशी धरली. "मानमोडी? मग धाडच त्येस्नी! उगं काय बोलत बसलीस?"

ती घाबरली ते उगाच नव्हे. आत्तींच्या कोंबड्या वाडीत वाट्यानं दिलेल्या होत्या. ज्या घरात काही नाही, त्या घरात आत्ती एक कोंबडी नेऊन ठेवायच्या. त्या बाईनं ती सांभाळायची, अंडी उबवायची. पिलं झाली की निम्मी तिची, निम्मी आत्तींची. ठकूबाईचं मीठ-मिरची तशाच दोन कोंबड्यांवर चालायचं. एका अंगणात रोग उतरला असता तर आठ दिवसांत सगळी वाडी मुकी झाली असती.

आबांनी डालगं उतरवून गवतावर ठेवलं. "आता माघारी नेऊन काय करू? तिथं त्या मरणारच."

"तर मुंड्या मुरगाळा आणि खोल पुरा," आत्ती म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोघांच्या मधे, पाण्यात. लुगड्याच्या फटीतून एक तांबडी मान वर आली आणि इकडंतिकडं बघायला लागली. आईनं ती एकेक कोंबडी हातात घेऊन, पोटाखाली बोटं घालून, चोच बघून निवडली असणार. मला ते दिसत होतं.

"आत्ती," मी म्हणाले, "पलीकडं नाचणीच्या शेतात आपली राखणीची खोप हाय. मी त्यास्नी तिथं ठेवते. मीबी तिथंच ऱ्हाते. बऱ्या ऱ्हायल्या तर येते."

"आणि न्हाई ऱ्हायल्या तर?"

मी डालग्याकडं पाहिलं.

आत्तींनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मालक पलटणीत होते, आणि त्या घरात मी अजून पाहुण्यासारखीच वावरत होते. "गेलीस तर माज्या शब्दाबिगर ह्या काठाला पाय लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजा पदर न्हाई, भांडं न्हाई, कोंबडीचं पीस न्हाई. कबूल?"

"व्हय."

"मग जा."

त्यांनी तांब्या भरून आणला, ओढ्याच्या मधल्या सपाट धोंड्यावर ठेवला आणि मागं सरल्या. आबांनी तांब्याकडं पाहिलं. ते प्याले नाहीत. "आमच्यात माणसाला पाणी हातात देत्यात," एवढंच म्हणाले आणि आल्या वाटेनं चढायला लागले. मी हाका मारल्या. करवंदीच्या जाळीपाशी त्यांचं मुंडासं एकदा दिसलं, मग तेही गेलं.

भादवा संपत आला होता. डोंगर हिरवे होते, पण त्या हिरव्याला पिवळी कड यायला लागली होती. सकाळी धुकं इतकं दाट यायचं की खोपीच्या दारात उभं राहिलं तर जग तिथंच संपल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू आधी नाचणीची कणसं दिसायची, मग ओढ्याकाठचा उंबर, आणि शेवटी पलीकडची वाडी. जणू कुणीतरी एकेक वस्तू विचार करून मांडत होतं. शेजारच्या वावरात दौलूआप्पा राखणीला होते. ते पार बहिरे. पाखरं हाकायला दिवसभर हाळी द्यायचे आणि हाळी लांबवर पोचली की नाही हे मला खुणेनं विचारायचे. तेवढीच सोबत.

आत्ती रोज धुकं विरायच्या सुमाराला यायच्या. पानात बांधलेली भाकरी मधल्या धोंड्यावर ठेवायच्या आणि उंबराखाली जाऊन उभ्या राहायच्या. त्या मागं सरल्या की मी पुढं जायचं. पान परत द्यायचं नाही, जाळायचं. ओढ्यात हात धुवायचे नाहीत. वाडी खालच्या अंगाला पाणी भरते. घागर भरून न्यायची आणि सांडपाणी शेताच्या मातीत जिरवायचं. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी पलीकडून ओरडून सांगितलं. कुठं शिकल्या, ते मला विचारायचं सुचलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी कोंबडी पिसं फुलवून बसली. मग करडी. हिरवी हगवण लागली, श्वास घुरघुरायला लागला, आणि मग माना फिरायला लागल्या. मानमोडीत पाखराची मान हळूहळू मागं वळत जाते, इतकी की शेवटी ते आभाळाकडं बघत बसतं. खोपीत त्या अशा बसल्या होत्या, माना उलट्या करून, छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडं एकटक बघत. मला त्या मरताहेत असं वाटायचंच नाही. वरून कुणीतरी काही सांगतंय आणि त्या ऐकताहेत, असं वाटायचं.

मी हळद आणि लसूण वाटून नाचणीच्या पिठात कालवलं, बोटानं चोचीत घातलं. थेंब थेंब पाणी पाजलं. एकेक करून त्या गेल्या. शेताच्या वरच्या कोपऱ्यात मी कमरेएवढे खड्डे काढले, वर राख टाकली, काट्याच्या फांद्या दाबल्या, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. आईनं निवडलेली पाखरं. मी तिला काय सांगणार होते?

शेवटी तांबडी उरली. डालग्यातून मान वर काढणारी ती हीच. तीही पडली होती, डोळे मिटून, अंग तव्यासारखं तापलेलं. एका सकाळी मी खड्डा काढायला कुदळ उचलली आणि बघते तर ती डोळे उघडून माझ्याकडं बघतेय. मान सरळ. मी नाचणीचे दाणे टाकले. तिनं टिपले. मग उठायला गेली आणि डावा पाय तिच्या अंगाखालून तसाच घसरला, आपला नसल्यासारखा.

"मान?" आत्तींनी पलीकडून विचारलं.

"सरळ हाय."

"डोळं?"

"सवच्छ."

"हगवण?"

"बंद झाली."

"पाय?"

"डावा वडतीया."

"मग अजून न्हाई," म्हणाल्या आणि गेल्या.

एका कुशीवर पडून पडून तिच्या छातीला चट्टा पडायला लागला. तेव्हा मी आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा उकळून घेतला, त्याची झोळी केली, पायांसाठी दोन भोकं पाडली आणि खोपीच्या आडव्या वाशाला टांगली. कोंबडी झोळीत, पाय खाली, नखं जेमतेम जमिनीला टेकलेली. वारा आला की झोळी हलायची. ती डोळे मिटायची. मी खोबरेल कोमट करून तिचा पाय चोळायची, बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. बाहेर ऊन नाचणीवर पसरलेलं असायचं, चतुर उडत असायचे, दौलूआप्पांची हाळी लांबून यायची आणि डोंगराला लागून परत यायची. कधी कधी मला कळायचं नाही की मी जागी आहे की झोपेत आहे, आणि वाशाला टांगलंय ते पाखरू आहे की आणखी कुणी.

ठकूबाईनं ती झोळी ओढ्यावरून पाहिली. "सगुणे!" ती ओरडली. "पाळण्यात कोण घातलंयस गं? नवऱ्याला कळवू का, बारशाला रजा काढून ये म्हनून?"

"कळवा की," मी म्हणाले. "नाव काय ठेवायचं तेबी इचारा."

पलीकडं उंबराखाली आत्ती हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दात पुढं असल्यामुळं असेल, त्या तोंडावर पदर धरून हसायच्या.

तिथून बोलणं वाढलं. दोन वर्षं एका चुलीपुढं बसून आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या ओढ्यावरून बोलायला लागलो. पाण्याच्या आवाजामुळं मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि मोठ्यानं बोलताना माणूस आडपडदा ठेवू शकत नाही. मालक लहानपणी माती खायचे, हे मला ओढ्यावरून कळलं. मला भाकरी थापता येत नाही म्हणून आईनं मला रडवलं होतं, हे त्यांना ओढ्यावरून कळलं. "अजूनबी येत न्हाई," त्या ओरडल्या. "कडा फाटत्यात तुज्या."

दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला धोंड्यावर उटणं, वाटीभर तेल आणि करंज्या होत्या. मी दिवसभर डोंगराच्या वाटेकडं बघत होते. दोन्ही वर्षं आबा मला न्यायला आले होते. त्या वर्षी वाट मोकळीच राहिली. संध्याकाळ व्हायच्या आधी आत्ती पुन्हा आल्या, हे कधी व्हायचं नाही. उंबराखाली बसून राहिल्या. मीही अलीकडं बसून राहिले.

भाऊबीज झाली आणि बायका आल्या. ठकूबाई पुढं, मागं आत्तींच्या कोंबड्या वाट्यानं सांभाळणाऱ्या चारजणी. तांबडी तेव्हा झोळीतून उतरली होती. खोपीपुढं उन्हात चरत होती. एक पाऊल टाकायची, दुसरं ओढून घ्यायची. खायची, प्यायची, पिसांना तकाकी आली होती. दोन अंडीही दिली होती. पण लंगडत होती, ते लांबूनही दिसत होतं.

"बघ बया," ठकूबाई म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती. "पाय वडतीया म्हंजे रोग अजून आत हाय. कोंबडीपायी सून सणाला रानात ठेवलीस. पोरगी निम्मी झाली. तिला म्हनावं, मुरगाळ आणि ये घरी."

"आणि तशीच आणली तर?" आत्तींनी विचारलं.

"तर तुज्या कोंबड्या तुला माघारी. रागवू नगंस. मला दुसरं काय हाय? हिनं माज्या अंगणात एकदा खाकरलं तरी मी बुडाले."

तिचं खोटं नव्हतं. बायका गेल्या. आत्ती एकट्या उरल्या.

"तू काय म्हणतीस?" त्यांनी मला विचारलं.

"मी मारायची न्हाई," मी म्हणाले. "मी हितंच ऱ्हाईन, आत्ती. पर एवढं सगळं गेल्यावर जी उठून बसली, तिला मी कशी मारू? तिचं सगळं सरळ हाय. निस्तं चालणं..."

आत्ती खाली आल्या आणि पाण्याच्या कडेला बसल्या. नेहमीपेक्षा जवळ. मोठ्यानं बोलायची गरज नव्हती, तरी त्यांचा आवाज मला नीट ऐकू यायला पुढं वाकावं लागलं.

"मी बारकी हुते," त्या म्हणाल्या. "परकर नेसायची. गावात गाठीचा प्लेग आला. समदं गाव माळावर खोप्या घालून ऱ्हायलं. मला हितं जांगंत गाठ आली. मग माळावरनंबी उचललं, आणि वढ्यापलीकडं एकटीची खोप घातली. आई भाकरी धोंड्यावर ठेवायची."

पाणी आमच्या मधून वाहत होतं.

"गाठ फुटली. ताप उतरला. खाया-प्याया लागले. पर पाय वडायचा. पंचमंडळी येऊन बगायची आणि म्हणायची, लंगडतीया, म्हंजे अजून आत हाय. थंडी गेली, शिमगा झाला. मी तिथंच."

"मग?"

"मग काय. वढ्याच्या वाळूत सकाळच्याला चालायची. सरळ चालायला शिकले. दात आवळून. वाळूत पाऊल कसं उठलंय ते मागं वळून बगायची, वडल्याची रेघ दिसली की पुसायची आणि पुन्यांदा चालायची. एक दिवस रेघ उठली न्हाई. मग समद्यांच्या म्होरनं चालत गेले. घेतलं मला घरात."

"आणि दुखायचं थांबलं?"

"दुखणं कुणाला दिसतंय?" त्या उठल्या, लुगड्याची माती झटकली. तांबडी खोपीपुढं चरत होती, पाय ओढत. तिच्याकडं बघत आत्ती म्हणाल्या, "हिला ते शिकवता यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी धोंड्यावर भाकरीच्या शेजारी एक डालगं होतं. आत दोन तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. आत्तींनी स्वतःच्या हातानं वाढवलेल्या, काळ्याभोर, पिसांवर हिरवी झाक. पुढं साऱ्या वाडीला त्यांचीच पिलावळ द्यायची असं त्यांचं चाललं होतं.

"तिच्यासंगं एकाच डालग्यात ठेव," त्या उंबराखालून म्हणाल्या. "एकाच परळातलं पाणी. एकाच जाग्यावर दाणे. अवस हुईस्तवर."

"आत्ती, ह्या कशाला? दुसऱ्या कुठल्या..."

"दुसऱ्या कुणाच्या?" त्या म्हणाल्या. "पडल्या तर तिन्हीबी पूर. उभ्या ऱ्हायल्या तर म्होरं बगू."

मी तलंगा लंगडीजवळ सोडल्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला टोचलं. लंगडीनं एकीच्या डोक्यावर चोच मारली आणि प्रश्न मिटवला. मग तिघी एकत्र चरायला लागल्या. मी रोज सकाळी आधी माना बघायची, मग डोळे, मग जमिनीवरची शीट. धुकं आता पातळ झालं होतं. नाचणीची काढणी सुरू झाली, दौलूआप्पांच्या हाळ्या थांबल्या आणि रान फार शांत झालं. त्या शांततेत तिघींच्या पायांचा आवाजसुद्धा यायचा. दोघींचा टपटप, आणि एकीचा टप, खर्र, टप, खर्र.

एका सकाळी एक तलंग डालग्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली दिसली. दाणे टाकले, उठली नाही. पाणी पुढं केलं, बघितलं नाही. आत्ती आल्या. मी काही सांगितलं नाही, पण माझा चेहरा बघून त्या भाकरी हातातच धरून उभ्या राहिल्या. ऊन वर आलं. त्या गेल्या नाहीत. मी डालग्याशी बसून होते, त्या उंबराशी उभ्या होत्या, आणि मधे ते काळं पाखरू डोळे बारीक करून बसलेलं.

मग तलंग उठली. अंग झाडलं, दोन पावलं चालली आणि वाडी दणाणून जाईल असं ओरडायला लागली. ती बसली होती तिथं गवतात एक अंडं होतं. लिंबाहून जरा लहान म्हणावं एवढंसं, वर रक्ताची बारीक रेघ. पहिलं अंडं.

मी ते हातात धरून वर केलं. "आत्ती! अंडं! अंडं दिलंय तिनं!"

आत्ती मटकन खाली बसल्या. तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते मला लांबून कळलं नाही.

अवस झाली. तिघींच्या माना सरळ होत्या. सकाळी आत्ती आल्या त्या थांबल्याच नाहीत. धोंड्यांवर पाय देत ओढा ओलांडून सरळ अलीकडं आल्या. इतक्या दिवसांनी त्यांना जवळून बघताना मला लाज वाटली. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, कोंबडीचा बघतात तसा. "वाळलीस," म्हणाल्या. खोपीतलं गवत, झोळी, माझं अंगावरचं जुनं पातळ सगळं जाळलं. कडुलिंबाचा पाला घालून तापवलेल्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं, आणलेलं धुवट पातळ नेसवलं. मी तलंगा डालग्यात घातल्या, डालगं डोक्यावर घेतलं आणि लंगडीला उचलायला वाकले.

"तिला घरापतोर उचलून नेऊ नगंस," आत्ती म्हणाल्या. "वढा वलांडला की खाली सोड. चालंल ती."

वाडीच्या तोंडापासून आमच्या घरापर्यंतची वाट काही मोठी नव्हती. पण त्या दिवशी ती संपता संपेना. पुढं लंगडी, एक पाऊल टाकत, एक ओढत, मधेच थांबून किडा टिपत. तिच्या मागं तिच्याच वेगानं आत्ती, हात पाठीशी बांधून. त्यांच्या मागं डोक्यावर डालगं घेतलेली मी. बायका आपापल्या दारांत आल्या. मातीत मागं एक लांब रेघ उठत होती. आत्ती ती पायानं पुसत नव्हत्या.

ठकूबाई आपल्या उंबऱ्यात उभी होती. "बया," ती म्हणाली, "लंगडी ती लंगडीच की गं."

"व्हय. लंगडीच हाय."

"आणि तलंगा?"

"हिच्या डोईवर हायत. एक अंड्यावर आली. हात लावून बग."

ठकूबाई पुढं आली. डालग्यावरच्या फडक्याखाली हात घालून तिनं तलंगांच्या माना चाचपल्या, चोची उघडून बघितल्या. खूप वेळ लावला. मग हात काढून घेतला आणि लंगडीकडं बघत विचारलं, "ही आता कुणाची म्हणायची? सुनेची?"

"माज्या व्याहीणबाईची," आत्ती म्हणाल्या, सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मी वाट्यानं सांबाळायला घेतलीया. निम्मी पिलं तिकडं जायची."

"तू? वाट्यानं?" ठकूबाईचं तोंड उघडंच राहिलं. सगळी वाडी जिच्या कोंबड्या वाट्यानं पाळायची, ती बाई हे सांगत होती. मला डोक्यावरचं डालगं एकदम हलकं वाटलं. मी खाली बघून चालत राहिले. माझ्या पायांपुढं आत्तींची टाच, आणि तिच्यापुढं ती तांबडी, आपल्या वेळेनं.

ती गोष्ट माहेरी पोचली. कुणी पोचवली ते कळलं नाही. ठकूबाईनंच, असा माझा अंदाज आहे. मार्गशीर्षात आबा आले. ओढा ओलांडून सरळ अंगणात आले, आत्तींशी पिकापाण्याचं बोलले, जेवले, आणि जाताना म्हणाले, "खुराडं साफ करून चुना मारून ठेवलंय हिच्या आईनं. पिलं कधी न्यायची तेवढं सांगा." आत्ती म्हणाल्या, "होळी हुंद्या. तवर तुमच्या गावाची हवा निवळंल." लंगडी पुढं आणखी काही वर्षं जगली. तिची पिलं दोन्ही गावांत झाली. त्यांतलं एकही लंगडं नव्हतं.

त्या साली थंडी फार पडली. एका पहाटे, उजाडता उजाडता, मी शेण काढायला परसात गेले. गवतावर पांढरं दव होतं, आणि धुक्यातून खुराड्याचं दार उघडल्याचा आवाज आला. आत्ती कोंबड्या सोडत होत्या. परसात दुसरं कुणी नव्हतं. सुपातले दाणे उधळत त्या खुराड्यापासून गोठ्यापर्यंत चालत निघाल्या, कोंबड्यांच्या घोळक्यातून, एक पाऊल टाकत, एक ओढत.

मी शेणाची पाटी घेऊन तशीच उभी राहिले. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता त्या सरळ होतील.

त्या झाल्या नाहीत. सूप माझ्या हातात दिलं आणि तशाच लंगडत गोठ्याकडं गेल्या.